निळ्या साबणाची वडी

आमच्या संडासात भिंतीला एक कोनाडा होता. वीज गेली तर पणती ठेवायला म्हणून गवंड्याने तो सोडलेला. मी त्यात पणती कधीच ठेवली नाही. त्यात असायची एक निळी वडी, कपडे धुवायच्या साबणाची, आणि तिच्याशेजारी नारळाच्या सोडणाचा तुकडा, भांडी घासायला असतो तसा. त्या दोन वस्तूंनी माझ्या संसारात काय केलं ते मी आजवर घरातल्या एकाच माणसाला सांगितलं, तेही फार उशिरा. आता लिहून काढते. विषय संडासाचा आहे, वाचणाऱ्याने नाक मुरडलं तर मी रागावणार नाही. मी स्वतः कितीतरी वर्षं ह्या गोष्टीकडे पाठ करूनच बसले होते.

माझं माहेर पेडण्यात, हळर्णच्या बाजूला. शेतीचं घर. तिथे संडास वगैरे काही नव्हतं. पहाटे उठायचं, तांब्या घ्यायचा आणि भाटाच्या, म्हणजे माडांच्या बागेच्या, कडेला जायचं. पाण्याने धुवायचं, घरी येऊन हाताला राख लावायची, संपलं. कसं धुवावं हे मला कुणी शिकवलं नाही. आईने वेणी घालायला शिकवली, तांदूळ निवडायला शिकवले, हे नाही शिकवलं. आणि खरं सांगायचं तर शिकवायची गरजही नव्हती. पाणी होतं, हात होता, आणि कसली तक्रार नव्हती.

लग्न होऊन आले ती डिचोलीला, खाणींच्या मुलखात. आमचे हे खाणीवर ट्रक चालवत. खाणीतून माती भरायची आणि नदीच्या धक्क्यावर नेऊन ओतायची, दिवसभर खेपा. माती कसली, लोखंडाची ती, तांबडी. ती सगळीकडे असे. झाडांच्या पानांवर, जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, गजांवर, मिठाच्या बरणीच्या झाकणावर. सकाळी पोदेर पाव देऊन जाई, तो पाव फडक्यात बांधला नाही तर अर्ध्या तासात त्याच्यावर तांबडी साय धरे. ह्यांच्या पँटी तर उभ्या केल्या तर उभ्या राहतील अशा. त्या पँटी कुठल्याच साबणाला दाद देत नसत. मग बाजारात ती निळी वडी आली. घासली की तांबडं पाणी भळाभळा निघायचं आणि खालचं कापड दिसायचं. मला त्या वडीचं फार कौतुक. शेजारणीला म्हणायची, "ही वडी पाप पण धुवून काढील गे!"

म्हटलं होतं मी असं. आता आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

तेव्हा गोवा नुकतंच राज्य झालं होतं. त्याच्या आधीची भाषेची भांडणं अजून लोकांच्या तोंडात होती. घरात आम्ही कोकणी बोलायचो, पोथी मराठीत वाचायचो, आणि तिठ्यावर माणसं एकमेकांना हमरीतुमरीवर येऊन विचारायची की तू कुठल्या बाजूचा. मी मराठी चौथीपर्यंत शिकलेली, पुढचं सगळं पेपर वाचून वाचून. मला त्या भांडणातलं फारसं कळत नव्हतं. एवढंच पुढे कळलं की माझ्या अंगाच्या ज्या जागेला त्रास होत होता, त्या जागेला चारचौघांत उच्चारता येईल असा शब्द माझ्याकडे दोन्ही भाषांत नव्हता.

त्या उन्हाळ्यात सरकारी योजनेतून आमच्या परसात संडास बांधला. वाड्यावरचा पहिला. माझ्या सासूबाई, मी त्यांना मांय म्हणायची, त्यांना तो मुळीच नको होता. देवाची खोली ते संडास, सतरा पावलं. त्यांनी स्वतः मोजलेली.

"इतक्या जवळ नरक आणून ठेवलास रे," मांय ह्यांना म्हणाल्या.

"आई, गेल्या पावसात तांब्या घेऊन जाताना काजूंच्या उतारावरून घसरलीस ती कोण? मी की तू?" हे म्हणाले.

मग मांयनी मला बोलावून अट घातली. "बघ सुने, आत जाऊन आलीस की साबणाने धुवायचं. पाय धुवायचे. मगच तुळशीच्या बाजूने घरात यायचं. तू देवाचं करतेस."

त्या हातांबद्दल बोलत होत्या. हे मला कळायला अख्खा पावसाळा गेला. मला वाटलं, सगळंच साबणाने. आणि माझा स्वभाव असा की कुणी पावलीभर सांगितलं तर मी रुपयाभर करणार. देवाचं मी करते ना, मग माझ्यासारखं स्वच्छ कोण! मी निळी वडी कोनाड्यात नेऊन ठेवली. जो साबण खाणीची माती काढतो तो काय नाही काढणार? हाताने समाधान होईना म्हणून सोडणाचा तुकडाही नेला. दिवसातून जितक्या वेळा जाईन तितक्या वेळा वडी लावायची, सोडणाने घासायचं, वर दोन बालद्या पाणी. लघवीला जाऊन आले तरी तेच. बाहेर आले की मला अगदी सोवळं सोवळं वाटायचं.

पंधरा-वीस दिवसांत खाज सुरू झाली.

खाज म्हणजे घाण राहिली, असं माझं गणित. मग आणखी घासायचं. घासलं की घटकाभर बरं वाटे, मग आग होई. आग म्हणजे आणखी काहीतरी राहिलं. घरात जखमेवर लावायच्या औषधाची बाटली होती, उग्र वासाची. बाटलीवर लिहिलेलं की पुष्कळ पाण्यात थोडं घालावं. मला वाचता येत होतं हो! वाचून सुद्धा मी ते तसंच ओंजळीत घेतलं आणि लावलं. त्या दिवशी मी संडासात पदराचा बोळा तोंडात धरून उभी होते आणि बाहेरून माझी पाच वर्षांची मुलगी विचारत होती, "आई, तू आत गाणं म्हणतेस?"

पाऊस लागला की खाणी बंद होत. मग हे चार महिने मालाचा ट्रक घेऊन घाटावर जात, बेळगाव, कोल्हापूर, कधी त्याच्या पुढे. दोन-तीन दिवस घराबाहेर. दरवर्षीचंच ते, माझ्या मनात कधी काही आलं नव्हतं.

मुलीला ताप आला म्हणून एकदा आरोग्य केंद्रात घेऊन गेले. रांग मोठी. समोरच्या भिंतीवर एक चित्र लावलेलं. चित्रात एक ट्रक, नारिंगी रंगाचा. आमच्या ह्यांचाही नारिंगीच. ट्रकच्या बाजूला एक बाई उभी, पदर असा. वर 'गुप्तरोग' आणि 'एड्स' हे शब्द आणि खाली बारीक अक्षरांत बरंच काही. मी पेपर वाचायची सवय असलेली, एकेक ओळ वाचली. खाज, आग, जखम. लांबच्या प्रवासात राहणारे पुरुष. घरातल्या बायकोलाही होऊ शकतो. लाज सोडा, डॉक्टरांना भेटा.

मला त्या बाकावर बसवेना. तसंही बसवत नव्हतंच.

मुलीचं बघून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "आणि तुमचं काय?" माझ्या तोंडावर दिसत असणार. तरुण डॉक्टर, बाहेरगावचा, गोरापान. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "पोटात दुखतं."

झालं. त्यांनी पोटाचं औषध दिलं, कडू, बाटलीभर. त्याने मला दिवसातून चार-चार वेळा जावं लागायला लागलं. चार वेळा जाणं म्हणजे चार वेळा वडी आणि चार वेळा सोडण. पुढचं तुम्ही समजून घ्या.

मनात मात्र एकच चालू होतं. ह्यांनी आणलं. घाटावरून आणलं. मी भांडी घासताना चित्रातली ती बाई बघत असे. तिला मी चेहराही दिला होता. हे घरी येत, चहा मागत, मुलीसाठी कोल्हापूरहून चिरमुरे आणि मला एकदा हिरव्या बांगड्या आणल्या. मी बांगड्या फळीवर ठेवल्या, घातल्या नाहीत. अंथरूण मुलीजवळ टाकायला लागले. "ती विजांना भिते," असं सांगितलं. एकदा हे म्हणाले, "गे, तुझं काही बिघडलंय?" मी म्हटलं, "माझं कशाला बिघडेल?" 'माझं' वर असा जोर दिला की कुणालाही लागावा.

ह्यांनी त्याचा काय अर्थ लावला ते मला कळलं नाही. कळायला मी त्यांच्याकडे बघत तरी होते कुठे! एवढं दिसलं की हे आता ट्रकवरून आले की घरात येण्याआधी विहिरीवर जातात. पूर्वी हात-पाय धुवून येत, आता पुरी आंघोळ. वेळ लावून. पाऊस कोसळत असला तरी. मांय म्हणायच्या, "वरून देव धुतोय आणि खालून हा."

मला वाटलं, बघा, पाप धुतोय.

चवथ आली. आमच्याकडे चवथ म्हणजे वर्षाचा मोठा सण, गणपती घरात, आणि घरात माणसं नसली तरी नारळ मात्र ढिगाने खोवायचे. नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, सारण, पातोळ्या, सगळ्याला खोबरं. आडोळीवर, म्हणजे खोवायच्या विळीवर, बसून खोवायचं, पाटावर एक पाय दुमडून. मी बसले आणि उठले. परत बसले, परत उठले.

"आडोळी चावता गे तुका?" मांय म्हणाल्या.

"पायाला मुंग्या आल्या."

"तुझ्या पायाला कसल्या मुंग्या? माझ्या पायाला याव्यात ह्या वयात. सर बाजूला."

आणि त्या सत्तरीच्या बाईने एकटीने सगळे नारळ खोवले. मी उभ्याने चुलीजवळ काहीतरी करत राहिले. त्याचीही लाज आहे, पण ती लहान लाज. मोठी पुढे आहे.

दुपारी हे माटोळी बांधत होते. गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात आणि तिला फळं, पानं, रानातलं काय काय बांधतात, ती माटोळी. सुपारीचे घड, चिबूड, तवशी म्हणजे मोठ्या काकड्या, नारळांचा घोस. हे स्टुलावर उभे, हात वर, उघड्या अंगाने, खांद्यावर नुसता पंचा. मुलगी खालून एकेक फळ देत होती. मी आतून दिवे घेऊन आले आणि मला त्यांची मान दिसली. मान, काखेच्या बाजू, कोपरांचे खळगे. लाल. सोलल्यासारखं लाल, मध्ये मध्ये खपल्या.

मला वाटलं, हाच तो रोग. माझ्याकडे खाली, त्यांच्याकडे वर. भिंतीवरचं चित्र खरं झालं.

मांयनेही बघितलं. "हें कितें रे आंगार?"

"काही नाही आई. खाणीची माती मुरलीय, जात नाही अंगाची," हे म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "वास येतो ना गे तुला? आता पण येतो?"

आज मला ते वाक्य ऐकू येतं. तेव्हा आलं नाही. तेव्हा मी काय बघितलं, तर मुलीने हातातलं तवसं ठेवलं आणि "बाबा, मला उचला, मी बांधते" म्हणून दोन्ही हात वर केले, आणि हे वाकले. मी दिवे तिथेच खाली ठेवले, पुढे झाले आणि मुलीला दंडाला धरून मागे ओढलं.

"तिला हात लावू नका!"

घरात गणपती बसायचा होता. शेजारची दोन माणसं ओट्यावर माटोळीचे दोर सोडवत बसलेली. सगळं ऐकू गेलं. मुलगी रडायला लागली. मांय माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी कुणी परकी बाई घरात शिरलेय. आणि ह्यांनी काय केलं, तर वाकलेले होते तसे सरळ झाले, दोन्ही हात पंचाला पुसले, बराच वेळ पुसले, आणि परत माटोळी बांधायला लागले. रागावले असते तर मला बरं झालं असतं.

दीड दिवसाचा गणपती आमचा. विसर्जन केलं आणि दुसऱ्या सकाळी हे घाटावर गेले. जाताना मुलीला लांबूनच म्हणाले, "येतो हां बाय."

दोन-तीन दिवसांनी उपकेंद्रात सिस्टर आली. ती महिन्यातून दोनदा येई, बाळांना टोचायला. पन्नाशीची, जाड भिंगांची, आवाज असा की रस्त्यावर ऐकू यावा. मी दाराशी उभी राहिले, आत जाईना. बायका पांगल्यावर तिनेच हाक मारली.

"आत ये गो. खंयची तू?"

"हळर्णची. इथे दिलेली."

"मगे! मी पण पेडण्याचीच. बस."

"बसत नाही."

एवढंच म्हटलं आणि मला रडू फुटलं. तिने उठून दार लावून घेतलं. मग मी सगळं सांगितलं, तुकड्या-तुकड्याने, खाली बघत. चित्रातला ट्रक, घाट, ह्यांची मान, सगळं. शब्द नव्हता तिथे हात केला. तिने मला पडद्यामागे नेलं, बघितलं, आणि तिच्या तोंडून आधी "अरे देवा" आलं. मी म्हटलं, "वाईट आहे ना?"

"वाईट तर आहेच. साल गेलीय. तू धुतेस कशाने?"

मी सांगितलं. वडी सांगितली, सोडण सांगितलं, बाटलीतलं औषध सांगितलं. प्रत्येक गोष्टीला तिचे डोळे भिंगामागे मोठे होत गेले.

"कपड्याच्या साबणाने? आणि सोडणाने? अगो, ते काय चुलीवरचं काळं तपेलं आहे? ती जागा ओठासारखी असते. ओठाला घासशील सोडण?"

मी मान हलवली.

"आणि नवरा आंघोळ कशाने करतो?"

विहिरीच्या काठावर दगडाला खाच आहे, त्या खाचेत असायची ती निळी वडी. मी स्वतः ठेवलेली, कपडे धुवायला. आणि पाट्याजवळ सोडण. मी स्वतःच्या डोळ्यांनी ती वडी दोन दिवसांत झिजलेली बघत होते, आणि नवी आणून ठेवत होते.

सिस्टर आधी हसली, मोठ्याने. मग माझं तोंड बघून थांबली. "त्याला का घासावं लागतं इतकं?"

तेव्हा मला ऐकू आलं. वास येतो ना गे तुला.

तिने दुसऱ्या आठवड्यात येणाऱ्या बाई डॉक्टरांकडेही मला पाठवलं. "मी सांगते ते आहेच, पण एकदा नीट तपासून घे, मनात किडा नको," म्हणाली. तिथे माझं रक्त घेतलं, नीट बघितलं. रोग नव्हता. नुसता साबण.

सिस्टरने त्या दिवशी मला जे शिकवलं ते मी पुढे माझ्या मुलीला शिकवलं, नातीला शिकवलं, आणि आता तुम्हालाही सांगते, कारण मला कुणी सांगितलं असतं तर एवढं रामायण झालं नसतं. नुसतं पाणी पुरे. थंडी असली तर कोमट, कढत नाही. पुढून मागे धुवायचं, मागून पुढे कधी नाही. बोटांच्या पेरांनी हळू, नखं कापलेली हवीत. साबण लावायचाच तर हाताला लाव, दोन्ही हातांना, भरपूर. तिथे नको. धुतल्यावर जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घे आणि नुसता टेकव, पुसू नको, ओढू नको. पाणी टिपलं गेलं पाहिजे, एवढंच. तो तुकडा रोज धुवून उन्हात टाक. "आणि खाजलं तर?" मी विचारलं. "खाजलं तर हात मागे बांध," ती म्हणाली, "आणि जरासं खोबऱ्याचं तेल बोटाने लाव. आठ-दहा दिवस. नाही थांबलं तर परत ये, घरच्या घरी डॉक्टर होऊ नको." ती औषधाची बाटली तिने मला घरी जाऊन ओतून द्यायला सांगितली.

उपकेंद्रातून घरी आले ती सरळ परसात गेले. कोनाड्यातली वडी आणि सोडण काढलं. विहिरीवरची वडीही काढली. मांय तुळशीजवळ होत्या. म्हणाल्या, "साबण खंय व्हरता गे? कुठे नेतेस?"

"मांय, तुम्ही साबणाने धू म्हणालात ते काय धुवायला?"

"काय म्हणजे? हात! आणखी काय धुणार?" आणि त्यांना काय वाटलं कोण जाणे, माझ्याकडे बघता बघता त्यांच्या डोळ्यांत काहीतरी आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं एक जुनं पांढरं लुगडं फाडून त्याचे चौकोनी तुकडे केले आणि माझ्या फळीवर ठेवले, त्या हिरव्या बांगड्यांशेजारी. एवढ्यावरून त्यांना किती कळलं ते मी विचारलं नाही.

हे चौथ्या दिवशी आले. मी विहिरीवर कोमट पाण्याच्या दोन बालद्या ठेवलेल्या, अंगाच्या साबणाची नवी वडी, आणि वाटीत तेल. हे आले, ते सगळं बघितलं, मला बघितलं. मी बांगड्या घातल्या होत्या. आंघोळ झाल्यावर मी म्हटलं, "मानेला तेल लावते, बसा." ते बसले. मी तेल लावत होते आणि ठरवून ठेवलेलं सगळं बोलायचं होतं. मला काय वाटलं होतं, ते चुकीचं होतं, माझं चुकलं. तोंडाशी आलेलं.

तेवढ्यात मुलगी धावत आली आणि लांब उभी राहिली. मी शिकवलं होतं ना तिला लांब उभं राहायला. आणि ह्यांनी मान न वळवता मला विचारलं, "हात लावू तिला?"

आपल्याच लेकीला. मला विचारून.

"लावा," मी म्हटलं. आणि त्यापुढचं सगळं तसंच राहिलं. त्यांनी तिला उचलून घेतलं, दोघं हसायला लागली, आणि मला वाटलं, आता कशाला काढायचं? नंतर सांगू. उद्या सांगू. माणूस असा उद्या-उद्या करत राहतो. मान बरी झाली, मीही बरी झाले, अंथरुणं पहिल्यासारखी झाली. ह्यांच्या मनात एवढंच राहिलं की बायकोला खाणीच्या मातीचा वास सहन झाला नाही. ते पुढे आयुष्यभर घरात येण्याआधी आंघोळ करत राहिले. मुलीला उचलण्याआधी हात पुसत. पंचा नसला तर पँटीला पुसत. प्रत्येक वेळी मला दिसायचं आणि मी दुसरीकडे बघायची.

मुलगी मोठी झाली, लग्न होऊन गेली. मांय गेल्या. खाणी बंद पडल्या, तांबडी धूळही कमी झाली, झाडं परत हिरवी दिसायला लागली. आणि मग ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं शाबूत राहिलं, जरा जड. त्यांचं सगळं मीच करायची. इस्पितळातून आणलं तेव्हा तिथल्या बाईने मला शिकवायला घेतलं की रुग्णाला कसं स्वच्छ करायचं. मी म्हटलं, "बाई, मला येतं." कोमट पाणी, मऊ तुकडा, टेकवायचं, ओढायचं नाही. ह्यांच्या पाठीला एक जखम झाली नाही. बघायला येणारी माणसं माझं कौतुक करायची, आणि मला ते कौतुक टोचायचं.

एका सकाळी त्यांना कुशीवर करून धूत होते. हे म्हणाले, "तुला किळस येत असेल गे. तुला तर वास सहन होत नाही."

माझे हात तिथेच थांबले. मग मी सांगितलं. त्यांच्या पाठीमागून सांगितलं, तोंड दिसत नव्हतं म्हणून जमलं. निळी वडी, भिंतीवरचा ट्रक, घाट, माझं दुखणं. "मला तुमचा वास कधीच आला नाही हो. मला वाटलं होतं तुम्ही बाहेरून रोग आणलात."

बालदीतलं पाणी निवत होतं.

"म्हणून लेकीला ओढलीस?"

"होय."

मग जड जिभेने म्हणाले, "तिला... तिला तसं सांगितलं होतंस? माझ्याबद्दल?"

"नाही हो! तिला काहीच नाही. तिला आठवत पण नाही."

"मग बरं," ते म्हणाले.

एवढंच. मी इतकी वर्षं तयारी केली होती, रागाची, शिव्यांची, रडण्याची. त्यांनी विचारलं ते फक्त लेकीचं. स्वतःबद्दल काही नाही, घाटाबद्दल नाही, माझ्यावर उलट एक शब्द नाही. मग म्हणाले, "पाणी थंड लागतं."

मी चुलीवरचं गरम पाणी आणून ओतलं, हाताने ढवळलं, कोमट झालं का बघितलं. त्यांचा डावा हात, चालत होता तो, चादरीला पुसत होते. जुनी सवय. मी तो हात धरला आणि म्हटलं, "नका पुसू. स्वच्छ आहे."

आणि उरलेलं धुवून काढलं, हळू, जसं सिस्टरने शिकवलं होतं तसं.